मुरलेला ऐवज

द्राक्ष या फळाशी माझं नातं जन्मापासूनचं. नाशिककर माणूस. तेव्हा द्राक्षं खाल्ली, परगावच्या पाहुण्यांना पेट्या बांधून दिल्या, आणि अवकाळी पावसानं बागा झोपल्या की बँकेच्या काउंटरमागे बसून बागायतदारांचे उतरलेले चेहरेही पाहिले. पण पेय म्हणून द्राक्ष माझ्यापुढे आलं ते एकाच अवतारात : द्राक्षासव. जेवणानंतर दोन चमचे, तेवढ्याच पाण्यातून. घरात त्याची बाटली फडताळात च्यवनप्राशाच्या शेजारी असायची, आणि आमची आजी ते घेताना चेहरा असा सोज्वळ करायची की जणू गंगाजलच घेते आहे. ते आंबवलेलं असतं आणि त्यात मद्यार्क आपसूक तयार होतो हे मला कळलं तेव्हा आजीला जाऊन वीस वर्षं झाली होती. कळल्यावर तिच्याविषयीचा आदर वाढला, इतकंच सांगतो.

पुढे खुद्द नाशकातच वाइन होऊ लागली. सुलाचा कारखाना १९९९ सालचा. गंगापूर धरणाच्या बाजूला मुंबईची पोरं शनिवार-रविवारी रांगा लावू लागली, आणि 'शिराझ' हा शब्द आमच्या बागायतदारांच्या तोंडी थॉमसनइतका सहज बसला. पण मी त्या वाटेला गेलो नाही. गावात ओळखी फार. जी गोष्ट स्वतःच्या गावात आठ किलोमीटरवर होती ती बघायला मला अखेर ऑस्ट्रेलियात जावं लागलं, कारण आमची मुलगी अ‍ॅडलेडला दिली. म्हणजे दिली पुण्याला. पण जावईबापू तिला घेऊन अ‍ॅडलेडला गेले.

तिथे पहिल्याच उन्हाळ्यात मला ग्रेंज भेटली.

अ‍ॅडलेडचा उन्हाळा आपल्या जळगावची आठवण करून देतो. बाहेर बेचाळीस. घरात मी आणि ही, दोघंही ओला पंचा डोक्यावर घेऊन बसलेलो. आणि गॅरेजमध्ये एक काचेच्या दाराचं कपाट, बारीक घुर्र आवाज करत, बरोबर चौदा अंशांवर. आत मंद निळा दिवा आणि आडव्या निजवलेल्या बाटल्या. घरात सर्वांत सुखात कोण होतं, तर त्या.

हिनं एकच प्रश्न विचारला, "यात कोथिंबीर राहील का हो?"

जावईबापूंचा चेहरा मी लग्नात मंगलाष्टकांच्या वेळीही इतका गंभीर पाहिला नव्हता. ते म्हणाले, "आई, यात दार उघडलेलंसुद्धा चालत नाही." मग त्यांनी दार उघडलं, आणि दोन्ही हातांनी, तान्हं मूल घ्यावं तशी एक बाटली काढून माझ्यापुढे धरली. "बाबा, ग्रेंज. २०१०."

२०१० म्हणजे आमच्या नातवाचं जन्मसाल. वाइनच्या दृष्टीनंही ते साल फार उत्तम म्हणतात. ही वाइन तयार झाल्यावर बाजारात यायलाच चारपाच वर्षं लागतात. ती आली तेव्हा जावईबापूंनी नातवासाठी एक बाटली घेतली. हल्ली नव्या सालाच्या बाटलीला हजार ऑस्ट्रेलियन डॉलरच्या आसपास पडतात. रुपयांत किती ते मी हिशेब करून पाहिलं आणि हिला सांगितलं नाही.

"मग उघडणार कधी?" मी विचारलं.

"२०३१. त्याच्या एकविसाव्या वाढदिवसाला. इथे एकविसावा मोठा करतात. तुम्ही हवं हं बाबा."

आता असं आहे, की माझा जन्म १९५१ चा. बोटं मोजायची काही गरज नव्हती, पण मोजली. जावईबापू वाइनची मुदत सांगत होते आणि मी मनातल्या मनात माझी. ज्याच्यासाठी ही सगळी उस्तवार, तो नातू मागे सायकलची साखळी बसवत होता. तो मराठीत म्हणाला, "आजोबा, विकली तर नवीन सायकल येते." बागायतदारांना कर्ज देण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला तो विचार अगदीच चुकीचा वाटला नाही. पण बोललो नाही. मुक्काम सहा महिन्यांचा होता.

१९५१ सालाचं म्हणाल तर एक योगायोग आहे. त्या साली आमच्या मुंबई राज्यात दारूबंदी होती. कायदा १९४९ चा. प्यायची तर परवाना लागे, आणि तो मिळायला प्रकृती पुरेशी बिघडलेली असावी लागे. आणि नेमक्या त्याच १९५१ साली इकडे मॅक्स शुबर्ट नावाच्या गृहस्थानं ग्रेंजची पहिली पिंपं भरली. आम्ही दोघं एका वयाचे. मी आणि ग्रेंज.

हा शुबर्ट माणूस मला फार आवडला. १९३१ साली पेनफोल्ड्स या कंपनीत निरोप्या पोऱ्या म्हणून लागला आणि चिकाटीनं चढत मुख्य वाइनतज्ज्ञ झाला. ऑस्ट्रेलियात तेव्हा मुख्यतः गोड, कडक पोर्ट आणि शेरी खपायची. म्हणून कंपनीनं १९५० च्या सुमारास त्याला युरोपात धाडलं ते शेरीची विद्या शिकून यायला. हा फ्रान्समध्ये बोर्डोला गेला. तिथे एका मोठ्या व्यापाऱ्यानं त्याला चाळीस-पन्नास वर्षांच्या जुन्या लाल वाइन पाजल्या, आणि याच्या डोक्यात एकच खूळ शिरलं : आपल्याकडेही अशी वाइन करायची, जी माणसाइतकी जगेल. शेरी शिकायला पाठवलेला माणूस लाल वाइनचा ध्यास घेऊन परतला. शिवणकाम शिकायला पाठवलेली मुलगी भरतनाट्यम शिकून यावी तसं.

बोर्डोवाल्यांची कॅबर्ने द्राक्षं अ‍ॅडलेडकडे पुरेशी नव्हती. शुबर्टनं शिराझ घेतली, ती भरपूर होती. फ्रेंच ओकऐवजी अमेरिकन ओकची कोरी पिंपं घेतली. पहिल्या सालची वाइन विकलीही नाही. प्रयोग म्हणून केली आणि ओळखीच्यांत वाटली. विक्रीची सुरुवात १९५२ पासून. पाचसहा सालं साठल्यावर सिडनीच्या मुख्य कचेरीनं म्हटलं, हा माणूस एवढा पैसा पिंपात ओततोय, काय करतोय ते पाहू तरी. १९५७ च्या सुमारास मोठमोठे जाणकार बोलावून सगळी सालं ओळीनं मांडली.

आणि पार नाचक्की झाली. एकानं सांगितलं की ही पोर्ट म्हणून ठीक आहे, पण शहाणा माणूस विकत घेणार नाही. दुसऱ्याला तीत रानटी फळं आणि चिरडलेल्या मुंग्या, विशेष करून मुंग्या, लागल्या. (त्यानं मुंग्या पूर्वी कधी चाखल्या होत्या याची चौकशी कोणी केलेली दिसत नाही.) माझं मत विचाराल तर त्या जाणकारांचं जिभेपुरतं बरोबरच होतं. कैरीचं लोणचं घातल्याच्या तिसऱ्या दिवशी बरणीत बोट घालून चाखलं तर कोणीही थूः करील. पण म्हणून कोणी आईला लोणचं बंद करायला सांगत नाही. इथे सांगितलं. लेखी हुकूम आला : ग्रेंज बंद.

सिडनी आणि अ‍ॅडलेड यांच्यामध्ये हजारावर किलोमीटर अंतर आहे, हा ऑस्ट्रेलियन भूगोलाचा वाइनवर झालेला सर्वांत मोठा उपकार. शुबर्टनं हुकूम फायलीला लावला आणि मॅगिलच्या तळघरांत गुपचूप ग्रेंज करणं चालू ठेवलं. १९५७, ५८, ५९. तीन वर्षं. अ‍ॅडलेडचे वरचे साहेब जेफ्री पेनफोल्ड हायलंड यांनी पाहून न पाहिल्यासारखं केलं. कोऱ्या पिंपांना पैसे मागायची सोय नव्हती, कारण बिल सिडनीला गेलं असतं. जुन्या पिंपांत भागवलं. मी बँकेत छत्तीस वर्षं काढली, त्यामुळे मुख्य कचेरीचा हुकूम न पाळता तो पाळल्यासारखा दाखवण्यात काय कसब लागतं ते मला ठाऊक आहे. या माणसाला केवळ तेवढ्यासाठी पदक द्यायला हवं होतं.

पदकं पुढे मिळालीच. सुरुवातीच्या बाटल्या तोवर मुरल्या, चव बदलली, आणि १९६० साली सिडनीनं हुकूम फिरवला. १९६२ च्या सिडनी प्रदर्शनात १९५५ च्या ग्रेंजला सुवर्णपदक मिळालं, आणि मग पदकांची रांगच लागली. १९७९ साली पॅरिसच्या स्पर्धेत १९७१ च्या ग्रेंजनं आपल्या गटात पहिला नंबर काढला, तोही फ्रेंचांच्या अंगणात. १९९५ साली 'वाइन स्पेक्टेटर' या अमेरिकी मासिकानं १९९० च्या ग्रेंजला वर्षातली सर्वोत्तम वाइन ठरवलं. २००१ मध्ये तर दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या नॅशनल ट्रस्टनं तिला वारसा म्हणून मान्यता दिली. शुबर्ट १९९४ साली गेला. बहुतेक कौतुक त्याला बघायला मिळालं, हे या गोष्टीतलं मला सर्वांत समाधानाचं वाटतं. आपल्याकडे सहसा पुतळ्यापर्यंत थांबावं लागतं.

त्या चोरट्या तीन सालांपैकी १९५९ ची एक बाटली पुढे भलतीच गाजली. न्यू साउथ वेल्सचे मुख्यमंत्री बॅरी ओफॅरल यांचा जन्म १९५९ चा. २०११ मध्ये ते निवडून आले तेव्हा कोणीतरी त्यांना जन्मसालाची ग्रेंज भेट पाठवली. किंमत तीन हजार डॉलरच्या घरात. २०१४ साली भ्रष्टाचारविरोधी आयोगापुढे त्यांनी शपथेवर सांगितलं की अशी बाटली मिळाल्याचं मला आठवत नाही, आणि मिळाली असती तर नक्कीच आठवली असती. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनीच स्वहस्ते लिहिलेली आभाराची चिठ्ठी आयोगापुढे आली. ओफॅरल यांनी त्याच दिवशी राजीनामा जाहीर केला. त्यांचा दिशाभूल करण्याचा हेतू नव्हता असं आयोगानंही पुढे मान्य केलं. पण खुर्ची गेली ती गेली. लपून जन्मलेली बाटली शेवटी अशी उघड्यावर आली. ही गोष्ट जावईबापूंनी सांगितली तेव्हा ही म्हणाली, "म्हणून आपल्यात आभाराची पत्रं लिहीत नाहीत."

एका रविवारी जावईबापू आम्हांला मॅगिलला घेऊन गेले. शहरापासून आठेक किलोमीटर, डोंगराच्या पायथ्याशी. तिथेच ग्रेंज हे नाव मिळालं ते जुनं, बसकं, दगडी घर आहे. क्रिस्टोफर रॉसन पेनफोल्ड नावाचा इंग्रज डॉक्टर १८४४ साली बायकोसह इथे आला. त्यानं द्राक्षाचे वेल लावले ते कशाला, तर अशक्त रोग्यांना ताकदीचं औषध म्हणून वाइन द्यायला! डॉक्टर रोगी बघायचा आणि मेरीबाई वाइनचं खातं सांभाळायच्या. मी हिच्याकडे पाहिलं, हिनं माझ्याकडे. दोघांच्याही डोळ्यांपुढे तेच फडताळ. म्हणजे मुळात हेही द्राक्षासवच. फक्त आमच्या आजीनं मुख्य कचेरी काढली नाही.

चव घ्यायचे पैसे पडतात, आणि ग्लासात येतं ते द्राक्षासवाच्याच मापानं, दोनतीन चमचे. एवढ्यासाठी ग्लास मात्र असा की त्यात अर्धा लिटर ताक मावावं. रंग म्हणाल तर जांभळाचा. आधी हुंगायचं. शेजारचे एक गृहस्थ डोळे मिटून वास ओळखत होते : चॉकलेट, बडीशेप, डांबर, जुनं चामडं. हिनं माझ्या कानाशी विचारलं, "चामडं म्हणजे चपलेचंच ना?" मी घोट घेतला. प्रथम जिभेला कच्च्या सुपारीसारखी मिठी बसली. मग काहीतरी मागाहून आलं, दाट, आणि गेलंच नाही. घरी पोचेपर्यंत तोंडात होतं. वर्णन करायला मला शब्द नाहीत, पण मुंग्या नव्हत्या.

खरी ग्रेंज मला कळली ती मात्र शेजारच्या केमिस्टसाहेबांमुळे. हे मुलीचे शेजारी; वय त्र्याऐंशी, एकटेच, औषधांचं दुकान विकून निवृत्त झालेले. त्यांच्याकडे ग्रेंजचा संच आहे. संच म्हणजे काय हे दिवाळी अंक बांधून ठेवणाऱ्या माणसाला वेगळं सांगायला नको. आमच्याकडे एका मासिकाचे सव्वीस दिवाळी अंक आहेत, मधला एक नाही, आणि पंचवीस वर्षं मला फक्त तो नसलेलाच दिसतो. ग्रेंजचं दुखणं त्याहून मोठं, कारण तिचं एकही साल चुकलेलं नाही. ती तीन वर्षं शुबर्टनं हुकूम पाळला असता तर जगातले संचवाले सुखी झाले असते. १९५१ पासून दरवर्षी एक, आणि दरवर्षी एकाची भर. केमिस्टसाहेबांनी तरुणपणी, कोणी विचारत नव्हतं तेव्हा, जुन्या बाटल्या चिल्लर पैशांत गोळा केल्या. सगळ्या आहेत. फक्त १९५१ नाही. त्या आता जगात मोजक्याच उरल्यात, आणि अलीकडे लिलावात एकेक बाटली लाखावर डॉलरला गेली आहे. गंमत अशी, की ती आता पिण्याजोगी राहिलेली नाही असं जाणकार सांगतात. चव ओसरली, पण तिच्यावाचून संच पुरा होत नाही. केमिस्टसाहेबांनी हे मला सांगितलं तेव्हा मी माझं जन्मसाल त्यांना सांगितलं नाही.

जुन्या बाटल्यांची बुचं कालांतरानं सुकतात, वाइन झिरपते, पातळी खाली जाते. म्हणून कंपनी १९९१ पासून एक शिबिर भरवते, पंधरा वर्षांवरच्या बाटल्यांसाठी, आणि त्याला चक्क क्लिनिक म्हणतात. केमिस्टसाहेबांना गाडी चालवायची मनाई होती म्हणून एकदा जावईबापू त्यांना घेऊन गेले, आणि बाटल्या मांडीवर धरायला मी. आपल्याकडच्या नेत्रशिबिरासारखंच दृश्य. म्हातारी माणसं, मांडीवर दुलईत गुंडाळलेली एकेक बाटली, आपापल्या नंबराची वाट बघत. आत पांढऱ्या टेबलाशी तज्ज्ञ. तो बाटली उजेडाला धरतो, बूच काढतो, इवलासा घोट चाखतो. प्रकृती ठणठणीत असेल तर नव्या सालाच्या थेंबांनी भर घालून, नवं बूच ठोकून, सहीचं प्रमाणपत्र डकवतो. नसेल तर साधं बूच लावून बाटली परत, प्रमाणपत्र नाही. तो निकाल सांगताना आवाज आपोआप खाली येतो. तेवढ्यावरून बाहेरच्यांना कळतं.

केमिस्टसाहेबांनी चार बाटल्या आणल्या होत्या. तीन पास झाल्या. चौथी, १९७१ ची, नापास. पॅरिस जिंकलेलं तेच साल. पण ही बाटली कपाट घेण्याआधी बरीच वर्षं पत्र्याच्या शेडमध्ये होती, अ‍ॅडलेडच्या उन्हात. तज्ज्ञ हळूच म्हणाला, "ही आता ठेवू नका. लवकर प्या." केमिस्टसाहेब काही बोलले नाहीत. परतताना सिग्नलला गाडी थांबली तेव्हा म्हणाले, "आमच्या लग्नाचं साल." एवढंच. बाटली माझ्या मांडीवर होती. मी ती उगाचच जरा घट्ट धरली.

त्या संध्याकाळी त्यांनी आम्हां सगळ्यांना व्हरांड्यात बोलावलं. टेबलावर पाच ग्लास आणि ती बाटली. जावईबापू म्हणत होते, "अहो, राहू द्या, आठवण म्हणून ठेवा." ते म्हणाले, "चोपन्न वर्षं ठेवलीच की." आणि बूच काढलं. ही रिकाम्या हातानं जाणार नाही. तिनं भाजक्या पोह्यांचा चिवडा नेला होता. लाल रंग विटकरीकडे झुकलेला. चव मॅगिलच्या घोटासारखी अंगावर येणारी नव्हती. मऊ होती, थोडी आंबटसर, थोडी थकलेली. तज्ज्ञाचं बरोबर असणार. आम्ही मात्र सगळी संपवली. केमिस्टसाहेबांनी लग्नाच्या दिवशी अ‍ॅडलेडला पाऊस कसा आला आणि नवरीचे बूट कसे चिखलात रुतले ते सांगितलं, आणि मध्ये मध्ये चिवड्यातले शेंगदाणे तेवढे वेचून खाल्ले. हिनं अर्धा ग्लास घेतला. कशाचा वास येतो विचारलं तर म्हणाली, "आजींच्या फडताळाचा."

शेवटी त्यांनी रिकामी बाटली पाण्यानं विसळली, पुसली, आणि आम्हांला आत नेऊन कपाटात १९७१ च्या खणात पुन्हा आडवी ठेवली. संच दिसायला पहिल्यासारखाच. सगळ्यात वरचा डावीकडचा खण तेवढा मोकळा.

"हा कुठल्या सालाचा?" हिनं मराठीतच विचारलं. मुलीनं सांगितलं, "एकावन्नचा, आई. तो त्यांना मिळतच नाहीये."

"अगं, मग यांना ठेवा म्हणावं," ही म्हणाली. "एकावन्नचेच आहेत."

मुलगी हसत सुटली आणि माझ्याकडे न बघता तिनं ते सगळं इंग्रजीत सांगून टाकलं. केमिस्टसाहेबांनी चष्मा नाकावर ओढून मला आपादमस्तक न्याहाळलं, क्लिनिकमधल्या तज्ज्ञानं बाटली उजेडाला धरावी तसं.

"इतकी वर्षं ठेवली कुठे होती?"

"नाशिकला," मी म्हणालो.

"गारव्यात?"

"बँकेत."

"मग पातळी ठीक असेल," ते म्हणाले. "पण बूच तपासून घ्या."